मालकांचा वीस फुटी नाडा

खोली बघायला गेलो त्या दिवशी मालकांनी माझं आधारकार्ड उलटसुलट करून पाहिलं, कंपनीचं ओळखपत्र पाहिलं, आणि मग माझ्या जीन्सकडे बराच वेळ बघून विचारलं, "एवढी तंग कशापायी?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला फॅशन खटकतेय. मी हसून म्हणालो, "आजकाल अशीच मिळते, मालक." बायको शेजारीच उभी होती. आमच्या लग्नाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. मालक तिच्याकडे वळले आणि नळाला पाणी कधी येतं ते सांगावं तितक्या सहज म्हणाले, "सूनबाई, ह्याला सैल इजारी घ्या. देवानं वृषणं अंगाच्या भायेर टांगली ती काय हौस म्हणून न्हाई. त्यांना अंगापरीस दोन-तीन डिग्री गार लागतं. ह्यो त्यांना वाफवतोय."

बायकोने ओढणी तोंडाला लावली. मी खिडकीला जाळी आहे का ते तपासायला गेलो आणि खिडकीपाशीच थांबलो. खोली मात्र आम्ही घेतली, कारण दिवसाआड पाणी येणाऱ्या त्या गल्लीत मालकांची टाकी कधी रिकामी नसे.

मालक पिंपळे गुरवच्या जुन्या गाववाल्यांपैकी. वडलांचं ज्वारीचं रान होतं तिथे आता त्यांची तीन मजली इमारत, आणि प्रत्येक खोलीत आमच्यासारखं कुठून तरी आलेलं एक बिऱ्हाड. मी लातूरकडचा, वर कोकणातले, शेजारी नगरचे. भावांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या तेव्हाही मालक एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करत राहिले. तिथे रक्त तपासायला पुष्कळ माणसं होती, लघवी तपासायलाही होती. वीर्य तपासायच्या टेबलावर मात्र कोणी बसायला तयार नसे. मालक तिथे बसले आणि निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं उठले नाहीत. "लोकांची तोंडं मी इसरतो," ते सांगत, "पर हालचाल ध्यानात ऱ्हाती." त्यामुळे भागातली काही वजनदार मंडळी त्यांना लांबून बघूनच रस्ता बदलत.

त्या नोकरीतून त्यांच्याकडे एक वस्तू आली होती. मोजायचा खटका. मुठीत मावेल एवढा, स्टीलचा. अंगठ्याने दाबला की टक असा आवाज होऊन आकडा एकाने पुढे सरके. एक डोळा मायक्रोस्कोपला आणि हातात हा खटका, अशी त्यांची हयात गेलेली. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते काहीही मोजत. जिना चढणारी माणसं, टाकीवरची कबुतरं, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, दिवसभरात कितीदा कपाळाला हात लावतात ते.

दुसरी वस्तू त्यांनी स्वतः बनवून घेतली होती. लेंग्याच्या खिशात नाड्याचं एक भेंडोळं असे. नवा भाडेकरू गच्चीवर एकटा सापडला की मालक त्याच्या हातात टोक देत, "धर" म्हणत, आणि स्वतः भेंडोळं सोडत मागे मागे चालत थेट पाण्याच्या टाकीपर्यंत जात.

"वीस फूट हाय," तिथून ते ओरडून सांगत. "मोजून घेतलाय. एका बाजूच्या अधिवृषणाची नळी सरळ केली तर एवढी भरती. आन् ती वृषणाच्या पाठीला करंगळीएवढ्या जागंत गुंडाळून बसवलीय. शुक्राणू वृषणात जल्मतो, पर त्याला पवता येत न्हाई. ह्या नळीतनं दोन आठवडे सरकत आला, मंग पवायला शिकतो. शाळाच हाय ती."

आजूबाजूच्या गच्च्यांवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका हे ऐकत असत. भाडेकरू टोक धरून लाल होई. शेवटी मालक त्याला नाडा गुंडाळायला लावत, आणि गुंतागुंत झाली की समाधानाने तो परत घेत. "देवाला जमलंय. तुला न्हाई जमत." मीही त्या परीक्षेत नापास झालो. तीन वर्षांत एकही भाडेकरू पास झाल्याचं मला आठवत नाही.

दर रविवारी सकाळी गच्चीवरच्या दोऱ्यांची पाहणी असे. मालक हात मागे बांधून चड्ड्यांच्या रांगेतून फिरत, एखादीचं इलॅस्टिक ताणून बघत आणि नापसंत ठरली की काढून त्या बिऱ्हाडाच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवत. कोकणातल्या वहिनींनी शेवटी नवऱ्याचे ते कपडे न्हाणीघरातच वाळत घालायला सुरुवात केली. आयटीत काम करणारा एकजण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतो असं समजल्यावर मालकांनी त्याला जेवायचा पाट नेऊन दिला आणि लॅपटॉप पाटावर ठेवायचा, नाहीतर खोली सोडायची, असं बजावलं. तो बिचारा पुढे सगळ्या मीटिंगा पाटासमोर मांडी घालून करी. त्याचा साहेब म्हणे त्याला विचारायचा, पूजा चालली आहे का म्हणून.

त्यांचा राग एकाच गोष्टीवर होता. अवयवाचं नाव न घेणाऱ्यावर. "खालचं", "तिकडचं", "प्रायव्हेट" असं कोणी म्हटलं की ते उखडत. "नाव घ्यायला लाज, आन् वापरायला न्हाई." एकदा आमच्या इमारतीतल्या सत्यनारायणाला नगरचे भाऊ प्रसादाच्या रांगेत कानाशी येऊन म्हणाले, "मालक, मला जरा खाली… डावीकडे… लोंबल्यासारखं वाटतंय." मालकांनी द्रोण हातात घेऊनच सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं समजावलं, की बहुतेकांचं डावं वृषण उजव्यापेक्षा थोडं खालीच असतं, दोन्ही एका पातळीवर असती तर चालताना टकरा झाल्या असत्या, आणि गाठ किंवा दुखणं असेल तर मात्र उद्याच डॉक्टर गाठायचा. काकूंनी कपाळाला हात लावला. मालकांनी खिशातल्या खिशात खटका दाबला. नगरच्या भाऊंनी पुढे महिनाभर जिन्याने जाताना आमच्या कोणाशी नजर मिळवली नाही.

हे सगळं मी तेव्हा कंपनीच्या बसमध्ये रंगवून सांगायचो. पिंपळे गुरव ते निघोजे तासभराचा रस्ता, आणि मालकांचा नवा किस्सा असला की बस पोट धरून हसायची. म्हाताऱ्याला वेड लागलंय, एवढाच माझा निष्कर्ष होता.

त्यांच्या वेडामागचं कारण काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं. मालकांना एक थोरली बहीण होती. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं आणि नवऱ्याने दुसरी केली. दुसरीलाही मूल झालं नाही. तरीही वांझ म्हणून नाव पडलं ते बहिणीचंच, आणि ती शेवटपर्यंत याच घरात राहिली. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नसे. नवऱ्याला तपासायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. लॅबमध्ये ते टेबल रिकामं आहे असं कळल्यावर मालकांनी स्वतः जाऊन ते मागून घेतलं होतं. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा मी मोबाइलवर दंडाचे व्यायाम बघत होतो. "अरेरे," म्हणालो आणि पुढचा व्हिडिओ लावला.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण इथून पुढचा मूर्खपणा माझा आहे.

मला बॉडीचा नाद होता. शिफ्ट सुटली की तडक जिम. तिथल्या ट्रेनरने पहिल्या वर्षी शेक दिले, आणि लग्नानंतर काही महिन्यांनी इंजेक्शनं सुरू केली. "घे रे भावा, सगळे घेतात." बाटलीवर टेस्टोस्टेरॉन लिहिलेलं मला वाचता येत होतं. पुरुषाचं पुरुषपण ज्याने येतं ते बाहेरून थोडं जास्त घेतलं तर पुरुषपण वाढेलच, असं माझं सरळ गणित होतं. आणि वाढलंही. शर्टाच्या बाह्या फाटायला आल्या. आवाज उगाच चढायला लागला. दंड फुगत होते तेव्हा दुसरं काहीतरी आकसत होतं, पण तिकडे मी बघतच नव्हतो. माझा आरसा कमरेपाशी संपत होता.

मूल होत नव्हतं. वर्षभर बायको गोळ्या खात होती. तिची सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, गर्भनलिका उघड्या आहेत का ते बघायला रंग सोडून एक्स-रे काढला. त्या दिवशी ती रिक्षात माझा हात एवढा घट्ट धरून बसली होती की तिची नखं उमटली होती. पहिल्या डॉक्टरबाईंनी माझा रिपोर्ट मागितला. मी डॉक्टर बदलला. दुसरीकडेही मागितला, तेव्हा शिफ्टचं निमित्त सांगितलं. तिसऱ्या दवाखान्यात मी सरळ सांगून टाकलं, माझी तपासणी गावाकडे झाली आहे, सगळं नॉर्मल आहे, कागद तेवढा हरवला. त्यांनी ते फायलीत लिहून घेतलं, आणि येत्या गुरुवारी बायकोच्या पोटाला भोकं पाडून दुर्बिणीतून आत बघायचं ठरलं. पूर्ण भूल देऊन.

त्यासाठी माझी आई गावाहून आली. येताना दोन किलो शेंगदाणे आणि एक मत घेऊन आली. "लेका, आमच्यात कुनालाच असं झालं न्हाई. पोरीतच काय तरी खोट हाय." हे ती बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे. बायको भाकरी थापत राही. मी डंबेल उचलत राही.

इमारतीत ओला-सुका कचरा वेगळा करायचं काम मालक कोणावर सोपवत नसत. त्या रविवारी आई आणि बायको भाजी आणायला गेल्या होत्या, तेवढ्यात मालक वर आले. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक छोटी रिकामी काचेची बाटली होती. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"ही कुणाची?"

"माझी. व्हिटॅमिन आहे."

"मी तीस वर्सं लॅबमधी व्हतो, भजी तळत नव्हतो. किती महिने घेतोस?"

मी सांगितलं. दीड वर्ष. मालक खुर्ची ओढून बसले. मला वाटलं आता नाडा निघणार. नाडा निघाला नाही.

"मेंदूच्या तळाला हायपोथॅलॅमस हाय," ते म्हणाले. "त्यो दर दीड-दोन तासांनी एक चिठ्ठी सोडतो. चिठ्ठी जाती पिट्युटरीला. वाटाण्याएवढी गाठ, पर सगळा कारभार तिच्याकडं. ती दोन हुकूम काढती, एलएच आन् एफएसएच. एलएच वृषणाला सांगतं, टेस्टोस्टेरॉन कर. एफएसएच तिथल्या दाईपेशींना सांगतं, बारकी पोरं सांभाळा, शुक्राणू वाढवा. तयार झालेलं टेस्टोस्टेरॉन रक्तातनं वर पोचलं की वरच्याला कळतं, माल आला. मंग त्यो चिठ्ठ्या कमी करतो. कळलं?"

"कळलं की. म्हणजे मी वरून घेतोय तर वरच्यांना तेवढाच आराम."

मालकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "तू कंपनीत काय करतोस रं?"

हा माझा आवडता विषय. मी निघोजेच्या ज्या कंपनीत होतो तिथे गाड्यांचे ब्रॅकेट बनतात, आणि लाइनला माल वेळेवर पोचवायची जबाबदारी माझी. मी छाती काढून सांगायला लागलो. "आमच्याकडे कानबान चालतं, मालक. कोणी आपल्या मनाने माल बनवायचा नाही. मालाच्या प्रत्येक पेटीला एक कार्ड. लाइनवरच्या माणसाने पेटी रिकामी केली की कार्ड सुटतं आणि मागे प्रेसवर जातं. कार्ड आलं की प्रेस चालू. कार्ड नाही तर प्रेस बंद. एक ब्रॅकेट जास्त निघत नाही."

"आन् पेटी भरलेलीच ऱ्हायली तर?"

"मग कार्ड सुटणारच नाही."

"कुणी भायेरनं माल आणून त्या पेटीत वतला तर?"

मी हसलो. "झालंय तसं आमच्याकडे. एका शहाण्याने लाइन अडू नये म्हणून बाहेरच्या वर्कशॉपमधून ब्रॅकेट आणले आणि पेट्या भरून ठेवल्या. वरून बघायला सगळं छान, लाइन जोरात. मागे प्रेस थंडगार. कार्डच जाईना ना. आणि त्याच कार्डावर तिथे एक बारका पार्टही निघायचा, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तो पार्ट बाहेर कुठेच मिळत नाही. त्याची पेटी रिकामी झाली आणि मग…"

मी बोलता बोलता थांबलो. खाली भंगारवाला ओरडत गेला. मालक माझ्याकडे बघत होते.

"त्या शहाण्याचं काय केलं?" त्यांनी विचारलं.

"मेमो दिला."

"कुणी?"

"मी."

मालकांनी खटका एकदा दाबला.

तरी मी म्हणालो, "पण मालक, बाकी सगळं व्यवस्थित आहे. म्हणजे… तिकडचं. येतं."

तिकडचं म्हटल्यावर ते नेहमीसारखे उखडले नाहीत. "त्यातलं बहुतेक पाणी शुक्राशयाचं आन् पौरुषग्रंथीचं असतं. शुक्राणू म्हणशील तर चिमूटभर. नळाला पाणी हाय म्हणून टाकीत मासे असत्यात का?" मग उठता उठता म्हणाले, "बेस्तरवारी सूनबाईच्या पोटाला भोकं पाडणार हाईत. काकूपाशी रडली ती. थांबवायचं तर तूच थांबवायचं. मी सांगणार न्हाई. मी रिपोर्ट देणारा माणूस. कबुली ज्याची त्यानं द्यायची."

हातात चार दिवस होते. सोमवारी मी ठरवलं की जेवल्यावर सांगायचं. जेवलो आणि झोपलो. मंगळवारी ठरवलं की तपासणी करून टाकू, कदाचित सगळं ठीक निघेल आणि सांगायची गरजच पडणार नाही. लॅबच्या दारापर्यंत गेलो आणि दाराशी ओळखीचा माणूस दिसला म्हणून परत फिरलो. रोज संध्याकाळी मालक जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले असत. मी समोरून गेलो की टक. तो आवाज मला कंपनीतल्या प्रेसच्या आवाजातही ऐकू यायला लागला.

बुधवारी संध्याकाळी आई गच्चीवर शेंगदाणे निवडत बसली होती. बायको दोरीवरचे कपडे काढत होती. सकाळी दवाखान्यात न्यायचे म्हणून दोन गाऊन तिने बाजूला ठेवले. मालक टाकीपाशी कबुतरं मोजत होते. मी तिच्या हातातला गाऊन घेतला आणि म्हणालो, "उद्या जायचं नाही."

"का?"

"माझा रिपोर्ट कधी झालाच नाही. मी खोटं सांगितलं. मी दीड वर्ष इंजेक्शनं घेतोय. दोष माझ्यात असणार. तुझ्यात नाही."

किती साधी वाक्यं होती ती. मला वाटलं होतं बोलताना काहीतरी मोठं घडेल. बायकोने माझ्या हातातून गाऊन परत घेतला, त्याची नीट घडी घातली आणि जिना उतरून गेली.

आईचे शेंगदाणे निवडायचे थांबले होते. "तुला तपासलंच न्हाई?"

"नाही."

"वर्सभर?"

"हो."

"गाय फळंना म्हटलं तर आमच्याकडं पयलं वळूकडं बघतेत," आई म्हणाली. "अन् तू त्या पोरीला सुया टोचवायलास? अन् मी बी तिलाच बोलायले. मला कशाला बोलू दिलास रे?" मग तिने मुठीतले शेंगदाणे सुपात टाकले, तोंडाला पदर लावला आणि रडली. माझ्या आईला मी त्याआधी एकदाच रडताना पाहिलं होतं.

थोड्या वेळाने मालक तिच्याजवळ येऊन बसले आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. चिठ्ठी, वाटाण्याएवढी गाठ, दोन हुकूम. आई डोळे पुसत ऐकत होती. शेवटी नाडा निघालाच. आईने टोक धरलं आणि मालक टाकीपर्यंत गेले. "बैलाला बी असतीया का अशी नळी?" तिने विचारलं. "हाय की. लई लांब," मालक खुशीत म्हणाले. आयुष्यभर वाती वळलेल्या माझ्या आईने तो वीस फुटी नाडा एका दमात, एकही गाठ न पडू देता, मुठीएवढा घट्ट गुंडाळून त्यांच्या हातात दिला. मालकांनी ती गुंडाळी उलटसुलट करून पाहिली.

"ह्या बाईला जमलं," ते हळूच म्हणाले.

माझ्या रिपोर्टमध्ये शुक्राणूंपुढे एकच शब्द होता. निल. मी लॅबच्या पायरीवर बसून तो कागद पुन्हा पुन्हा वाचला, पण निलचं दुसरं काही होईना. डॉक्टरांनी इंजेक्शनं त्या दिवसापासून बंद करायला लावली, औषधं दिली आणि स्पष्ट सांगितलं की बहुतेकांचं पूर्ववत होतं, काहींचं होत नाही. ते "काहींचं" मला झोपू देत नव्हतं.

बायको माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही. जेवायला वाढायची, डबा भरून द्यायची. बाराव्या दिवशी म्हणाली, "राग मूल झालं नाही म्हणून नाही. त्या एक्स-रेच्या दिवशी मी तुमचा हात धरला होता, तेव्हा तरी सांगायचं होतं."

पुढचे महिने मी रस काढलेल्या उसासारखा घरात पडून असायचो. बाहेरचा माल बंद, आणि आतली प्रेस अजून सुरू नाही. दंड उतरले, उत्साह गेला, कारण नसताना डोळ्यांत पाणी यायचं. जिमच्या ट्रेनरने फोन केला तो उचलला नाही. मालक संध्याकाळी मला खुर्चीशेजारी पायरीवर बसवत. "शुक्राणूंचा एक घाणा निघायला अडीच महिने लागत्यात. कढई तापायलाच येळ गेला आसंल. बस गप." पहिल्या घाण्याला निल. दुसऱ्या घाण्यालाही निल. त्या दिवशी मालक खुर्ची सोडून पायरीवर आले. काकूंना चहा टाकायला सांगितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसले. मी बायकोला म्हणालो, तू मोकळी आहेस, तुला हवं तर माहेरी जा. ती म्हणाली, "गप बसा. भाजी निवडा." मी मेथी निवडली.

तिसऱ्या वेळी मालक स्वतः आमच्याबरोबर आले. त्यांच्या जुन्या लॅबमधले लोक त्यांना बघून उठून उभे राहिले. रिपोर्ट देणारा देईलच, पण आधी मी बघणार, असं म्हणत ते आपल्या जुन्या टेबलावर बसले. एक डोळा मिटला. हातात खटका. मी आणि बायको काचेबाहेर उभे. किती तरी वेळ ते मायक्रोस्कोपखालची काच इकडून तिकडे सरकवत होते, आणि खटक्याचा आवाज काही येत नव्हता. बायकोने माझा हात धरला, त्या रिक्षातल्यासारखाच.

मग मालकांनी मान वर केली. मी आत जायला पाऊल उचललं, तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

"पयलं सूनबाई. सोसलंय तिनं."

बायको स्टुलावर बसली. त्यांनी तिला डोळा कुठे लावायचा ते दाखवलं आणि खटका शून्यावर आणून तिच्या हातात दिला. "पवणारा दिसला की दाबायचा. पडून ऱ्हायलेला मोजू नगं." ती वाकली. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. टक. आणि शेवटी, मला वाटलं आता संपलंच, तेव्हा आणखी एक टक.

तिने डोळा काढला. गालावर पाणी होतं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "एवढ्याशांसाठी माझ्या पोटाला भोकं पाडत होता तुम्ही?"

पलीकडच्या टेबलावर रक्त तपासणारी माणसं हसली. मालक हसले. मग मीही हसलो, आणि हसता हसता तिथेच भिंतीला टेकून रडलो.

मुलगी त्यानंतर दीड वर्षाने झाली. मालकांची इमारत आता पाडली आहे, तिथे सात मजली होणार म्हणतात, आणि ते मुलाकडे रावेतला चौदाव्या मजल्यावर राहतात. तिथे गच्चीला कुलूप असतं आणि कोणाच्या चड्ड्या बघायला मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार आहे. नाडा त्यांनी माझ्या आईला दिला. ती गावात कोणाकोणाला टोक धरायला लावते ते मी विचारत नाही.

खटका मात्र त्या दिवशीच त्यांनी बायकोकडे राहू दिला. "शून्य करू नगं," एवढंच म्हणाले. तिने केला नाही. तो आमच्या कपाटात वरच्या खणात आहे आणि त्यावर अजून चार हाच आकडा आहे. मी आता पुन्हा थोडा व्यायाम करतो, नुसता, काही न टोचता. कधी आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहिलो की ती हातातलं काम सोडते. कपाट उघडते, खटका काढते आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात निघून जाते.